तथापि राहून गेलं

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाने कादंबरी लिहिली, ती छापून आली आणि ती चांगली निघाली. यातल्या पहिल्या दोन गोष्टी मी सहन केल्या.

विद्यापीठाच्या भाषा विभागात आम्ही दोघे एकाच खोलीत बसतो. खिडकी त्यांच्या बाजूला आहे आणि कपाट माझ्या. मुलं त्यांना हळूसर म्हणतात, कारण ते इतकं हळू बोलतात की मागच्या बाकांवरची पोरं ऐकू यावं म्हणून पुढे येऊन बसतात. मी खणखणीत आवाजात शिकवतो आणि माझ्या वर्गात पुढचे बाक रिकामे असतात. आवाज स्वच्छ असल्यामुळे मुलांना जवळ बसायची गरज पडत नाही, असं मी स्वतःला समजावलेलं आहे.

मलाही मुलांनी नाव ठेवलेलं आहे. तथापिसर. हे नाव वर्गातून नव्हे, वर्तमानपत्रातून आलं. मी पुस्तकांची परीक्षणं लिहितो आणि त्याची माझी एक पद्धत आहे. पूर्वार्धात लेखकाचं कौतुक करायचं. भाषा, निरीक्षण, ओघ, झालंच तर मुखपृष्ठसुद्धा. लेखक निर्धास्त झाला, घरच्यांना हाका मारून वाचून दाखवायला लागला, की नवा परिच्छेद सुरू करायचा आणि त्याचा पहिला शब्द लिहायचा, ‘तथापि’. तिथून पुढे पुस्तकाचं फारसं काही शिल्लक राहत नाही. जाणकार मंडळी वरचा भाग वाचतच नाहीत, थेट तथापि शोधतात. एका कवीची बायको म्हणे रविवारचा पेपर आधी स्वतः चाळते, आणि तथापि सापडलं तर आज पेपर आलाच नाही असं नवऱ्याला सांगते. ही गोष्ट मला ज्याने सांगितली त्याला वाटलं मी खजील होईन. मी त्याला आणखी एकदा सांगायला लावली.

हे सगळं मी स्वतः कादंबरीकार असून करतो. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण नाही सांगितलं तर कोणाच्या लक्षात राहत नाही. माझी एक कादंबरी आहे. बरीच वर्षं झाली तिला. प्रकाशकाने धंदा बंद करताना उरलेले गठ्ठे आमच्याकडे आणून टाकले, आणि दिवाणाचे पाय तेव्हाच मोडल्यामुळे दिवाण त्यांच्यावर ठेवला. बसणारे म्हणतात, दिवाण भक्कम आहे. बायकोने ती कादंबरी अर्धी वाचली आहे. सोडली असं ती कधीच म्हणत नाही, “वाचतेय” म्हणते. त्यानंतर दुसरी का लिहिली नाही असं कोणी विचारलं, तर परीक्षणांतून सवड होत नाही असं सांगायचं मी ठरवून ठेवलेलं आहे. कोणी विचारत नाही.

तर त्या वर्षी अभ्यास मंडळाच्या मनात आलं की दुसऱ्या वर्षाला एक नवी कादंबरी लावावी. विभागप्रमुख बाई मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं की तुमचीही विचारात आहे. त्या ‘तुमचीही’मधला ‘ही’ मी कानाआड केला आणि उरलेला दिवस हवेत तरंगत घालवला. आपलं पुस्तक अभ्यासक्रमात लागणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजणार नाही. लोक आवडीने वाचत नसतील तर सक्तीने वाचतील. माझी काही हरकत नव्हती. परीक्षेच्या भीतीने का होईना, कोणीतरी शेवटच्या पानापर्यंत पोचेल, एवढीच माझी मागणी होती.

आणि नेमकी तेव्हा हळूसरांची कादंबरी आली. बाई पुन्हा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या की आता दोनच नावं उरलीत आणि दोन्ही एकाच खोलीतली, केवढी अभिमानाची गोष्ट. मला अभिमान वाटला नाही. पोटात दुखलं. अशा वेळी लोक निकोप स्पर्धा वगैरे शब्द वापरतात. मी भाषेचा प्राध्यापक आहे, मी योग्य शब्द वापरतो. मी जळत होतो.

अशा माणसाकडे वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीच्या संपादकांनी तीच कादंबरी परीक्षणासाठी पाठवावी, याला मी योगायोग म्हणत नाही, न्याय म्हणतो. रीत म्हणून मी आढेवेढे घेतले. आम्ही एकाच खोलीत बसतो, लोक काय म्हणतील, वगैरे. संपादक म्हणाले, बरं, मग दुसऱ्या कोणाला तरी देतो. तेव्हा मात्र मी इतक्या घाईने ‘नको’ म्हटलं की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

बायकोचं म्हणणं सरळ होतं. चांगली असेल तर चांगली म्हणा, वाईट असेल तर वाईट म्हणा, त्यात इतका विचार कसला. ती गणित शिकवते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात, त्यांनी आयुष्यभर मोडकळीला आलेल्या इमारती उतरवल्या आहेत, आणि घरात काहीही ठरायचं असलं की ते चहाला येतात. त्यांनी सल्ला दिला की प्रोफेसर, इमारत पाडताना मधे घाव घालायचा नसतो, आधी चारी बाजूंनी परांची बांधायची, लोकांना वाटलं पाहिजे की रंगकाम चाललंय. मला ही उपमा भलतीच आवडली. माझी मेहुणी त्या दिवशी आलेली होती. तिने ती कादंबरी आमच्या टेबलावरून परस्पर उचलून नेलेली आणि दोन दिवस ठेवून परत आणलेली होती. तिचा सल्ला वगैरे नव्हता. डोळे पुसत ती एवढंच म्हणाली, “भावजी, मी वाचता वाचता कुकर विसरले. भाताचा कोळसा झाला.” मेहुणीकडे माझी कादंबरी छापून आल्या दिवसापासून आहे. तिच्याकडे एकदाही काही करपलेलं नाही.

मग मी वाचायला बसलो. हातात शिसपेन्सिल घेतलेली होती, दोषांखाली रेघा मारायला. पहिलं प्रकरण झालं, दुसरं झालं, रेघ नाही. पेन्सिलीला टोक नसेल म्हणून मी टोक काढून घेतलं. कादंबरी एका म्हाताऱ्या घड्याळजीची होती, ज्याची नजर चालली आहे आणि तो ते गिऱ्हाइकांपासून लपवतो आहे. मला त्या घड्याळजीची काळजी वाटायला लागली, आणि काळजी वाटते आहे हे ध्यानात आल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस माझ्यासमोर बसून डबा खातो, हजेरीच्या चुका करतो, कपाटाची किल्ली माझ्याकडे मागतो. याला घड्याळजी कुठे भेटला? मला का नाही भेटला?

शेवटची तीन प्रकरणं आली आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथे घडी विसकटली होती. घड्याळजीचा मुलगा परततो आणि जे बोलायचं नाही ते सगळं बोलून टाकतो. लेखकाला शेवट सापडला नव्हता, म्हणून त्याने तो मोठ्याने सांगितला होता. मला इतका आनंद झाला की मी उठून बायकोला चहा करून दिला.

परीक्षण मी अगदी मन लावून लिहिलं. परांची चारी बाजूंनी बांधली. असा घड्याळजी आपल्या भाषेत झाला नाही असं म्हटलं, या लेखकाला शांतता लिहिता येते असं म्हटलं, आणि पूर्वार्ध या वाक्यावर संपवला, ‘अशी कादंबरी एका पिढीच्या वाट्याला एखादीच येते.’ हे लिहिताना दाढा ठणकत होत्या, पण उत्तरार्धाच्या आशेवर मी ते सोसलं. मग नवा परिच्छेद. तथापि. आणि पुढे ती तीन प्रकरणं मी अशी उकलली, की घड्याळाचा एकेक स्क्रू टेबलावर मांडून ठेवावा. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं तथापि होतं.

रविवारी पेपर उघडला. पूर्वार्ध होता. ‘एखादीच येते’ होतं. त्याच्याखाली एक बाई गादीवर डोळे मिटून झोपलेली होती. गादीची जाहिरात अर्ध्या पानाची होती, आणि माझा उत्तरार्ध त्या बाईच्या खाली गेला होता.

पहिला फोन विभागप्रमुख बाईंचा आला. इतकी वर्षं तुमचं लेखन वाचते आहे, म्हणाल्या, पण तथापि न लिहिण्याचं धैर्य तुम्ही दाखवाल असं वाटलं नव्हतं, आणि तेही प्रतिस्पर्ध्याबद्दल. दुसरा त्या कवीच्या बायकोचा. तिने पेपर दोनदा तपासला होता आणि नवऱ्यालाही दाखवला होता. इंजिनिअर खाली आले आणि परांचीच परांची दिसतेय, घाव कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी गादीकडे बोट दाखवलं. बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्ही जळताय. मी चुकले.” लग्नानंतर ती पहिल्यांदाच चुकले म्हणाली होती, आणि नेमकी त्याच वेळी ती बरोबर होती.

आणि गंमत अशी की आता खरं सांगायची सोय राहिली नव्हती. मी त्या माणसाला मोठं केलेलं नाही, मी त्याला गाडायला निघालो होतो, हे कोणाला आणि कोणत्या तोंडाने सांगणार? सोमवारी हळूसर खोलीत आले, माझ्यासमोर उभे राहिले, ओठ हलले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग ते आपल्या जागेवर गेले आणि ऊन माझ्या डोळ्यांवर येत होतं म्हणून खिडकीचा पडदा ओढला.

मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. संपादक रजेवर होते. पुरवणीची पानं लावणारे गृहस्थ होते, त्यांनी फार अदबीने मला बसवलं. जाहिरात आयत्या वेळी आली, म्हणाले, आणि आम्ही नेहमी खालून कापतो, खालचं कोणी वाचत नाही. मी म्हटलं, माझं खालचंच वाचतात. त्यांना ते पटलं नाही. राहिलेला भाग पुढच्या रविवारी छापा म्हटलं तर पुढच्या रविवारी बालविशेषांक होता. त्यापुढचा रविवार पर्यटनाचा. वाचकांच्या पत्रव्यवहारात घाला म्हटलं तर त्यासाठी वाचक असावं लागतं, आणि मी लेखक होतो. शेवटी त्यांनी शुद्धिपत्राची वाट काढली. तिथे दोन-तीन ओळी मावतात, बाकी साहेब आल्यावर बघू. कुठल्या शब्दापासून राहिलं आहे, असं त्यांनी विचारलं, आणि पेन सरसावलं. मी सांगितलं, तथापि.

बालविशेषांकात, एका सशाच्या चित्राखाली, पुढील मजकूर आला: ‘गेल्या रविवारच्या परीक्षणाच्या अखेरीस “तथापि” हा शब्द नजरचुकीने छापायचा राहून गेला. वाचकांनी तो जोडून घ्यावा. चुकीबद्दल दिलगीर आहोत.’

वाचकांनी तो जोडून घेतला. आमच्या विभागात नव्याने लागलेली एक प्राध्यापिका आहे, तिने महिन्याभरात त्यावर लेख लिहिला. तिचं प्रतिपादन असं होतं की आजवर तथापिच्या पुढे निर्दयपणे लिहिणाऱ्या समीक्षकाने या कादंबरीसमोर तथापि लिहिलं, पुढे शोधलं, काही सापडलं नाही, आणि प्रामाणिकपणे तो शब्द तसाच उघडा ठेवून तो बाजूला झाला. पुस्तकापुढे समीक्षा अशी निःशब्द झाल्याचं दुसरं उदाहरण तिला आढळलं नव्हतं. मलाही नव्हतं. प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढली आणि मुखपृष्ठावर लाल पट्टी लावली. पट्टीवर माझं नाव होतं आणि त्याखाली ‘तथापि’ आणि तीन टिंबं. माझं नाव एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर यायला इतकी वर्षं लागली, आणि तेही कुणाच्या, तर यांच्या.

मग सत्कार ठरला. हळूसरांचा. अध्यक्ष अर्थातच मी. मी नाही म्हणणार होतो, पण मनात विचार आला की सभागृहात गादी नसते. तिथे मला खालून कोणी कापणार नव्हतं. उत्तरार्धाचे कागद मी कोटाच्या आतल्या खिशात घातले. बायकोला वाटलं मी त्यांच्यासाठी कविता लिहिली आहे.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत अभ्यास मंडळ बसलेलं. मी उठलो, पूर्वार्ध थोडक्यात आटोपला, कागद काढले, चष्मा लावला आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणालो, “तथापि.” घसा जरा कोरडा पडला म्हणून पाण्याचा एक घोट घेतला. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. आधी पहिली रांग, मग सगळे, मग उभे राहून. मी हाताने थांबा थांबा करत होतो, ते त्यांना विनय वाटलं. मेहुणी रडत होती. टाळ्या ओसरत आल्या तशा सूत्रसंचालकाने माईक अलगद आपल्याकडे ओढला आणि जाहीर केलं की यापुढे काहीही बोलणं म्हणजे या क्षणाचा अपमान होईल, तरी आता आभार. मी कागद हातात घेऊन उभा होतो. छायाचित्र तेव्हाच काढलं गेलं. त्यात मी फार भारावलेला दिसतो.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत एकटा बसलो होतो. विद्यार्थ्यांच्या निबंधांत ‘तथापि’ दिसलं की लाल शाईने खोडत होतो. हळूसर आले, दार लोटून घेतलं, आपली खुर्ची ओढून माझ्या टेबलापाशी आणली. मी मनाशी म्हटलं, आता आभार मानतोय. आता हेही ऐकावं लागणार.

“सर, एक विचारू?” ते म्हणाले. “तथापिनंतर काय होतं?”

मी म्हटलं, काही नव्हतं, सगळे सांगतायतच की.

“नाही. तुम्ही नुसता शब्द लिहून थांबणार नाही. इतकी वर्षं शेजारी बसतोय मी. आणि काल तुमच्या हातात कागद होते.” मग त्यांचा आवाज होता त्याहून खाली गेला. “शेवटची प्रकरणं बिघडलीत, ते मला माहीत आहे. कुठे बिघडलीत ते कळत नाही. छापायच्या आधीही कळत नव्हतं. तुमच्या परीक्षणानंतर तर कोणी बोलायलाच तयार नाही. म्हणतात, तथापिसरांना काही सापडलं नाही, तिथे आम्हाला काय सापडणार. तुम्ही तरी सांगा.”

कागद खिशातच होते. मी ते काढून त्यांच्यासमोर ठेवले. दया आली म्हणून नव्हे. हे वाचताना त्यांचा चेहरा कसा उतरतो ते पाहायला मिळणार होतं, आणि इतक्या दिवसांच्या छळानंतर तेवढं माझ्या हक्काचं होतं.

ते वाचायला लागले. माझीच शिसपेन्सिल उचलली आणि रेघा मारायला लागले. एकेका मुद्द्याला मान हलवत “बरोबर” म्हणायचे. मुलाचं ते भाषण, बरोबर. पत्र वाचून दाखवायचा प्रसंग, बरोबर. शेवटचं पान अनावश्यक, अगदी बरोबर. चेहरा उतरला तर नाहीच, उलट खुलत चालला. एखाद्याला डॉक्टरने दुखणं नेमकं हुडकून दिल्यावर होतं तसं. माझा प्रत्येक घाव हा माणूस औषधासारखा घेत होता. संपवून त्यांनी कागदांची नीट घडी केली आणि हे मी ठेवून घेऊ का असं विचारलं.

“सर,” ते जाताना म्हणाले, “इतक्या प्रेमाने माझं पुस्तक कोणी वाचलं नाही.”

माझ्याकडे बोलण्यासारखं होतं ते घडी होऊन त्यांच्या खिशात गेलं होतं.

त्याच आठवड्यात बाईंनी मला बोलावून घेतलं. त्या गोंधळलेल्या होत्या. हळूसरांनी आपलं पुस्तक मंडळापुढून काढून घेतलं होतं. शेवटची प्रकरणं नव्याने लिहितो आहे, अपुरी कादंबरी मुलांना शिकवणं योग्य नाही, असं त्यांनी लेखी दिलं होतं. आणि तोंडी सांगितलं होतं की शेजारच्या टेबलावरची घ्या, ती पूर्ण आहे. मंडळाने ती घेतली होती.

म्हणजे मी जिंकलो. घरी आलो तर बायको पेढ्याऐवजी साखर घेऊनच उभी होती, आणि झालं ना मनासारखं, असं विचारत होती. मी साखर खाल्ली. ती गोड लागली नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते मला मिळालं होतं, आणि ते त्या माणसाने मला दिलं होतं, आपल्या हाताने, हळू आवाजात. त्याने चांगलं लिहावं हे मी कसंबसं पचवलं असतं. त्याने वर मनानेही मोठं असावं, हे जरा जास्त होत होतं.

पुस्तकं कुठून आणायची हा प्रश्न निघाला. बाजारात एकही प्रत नव्हती. मग मी आणि इंजिनिअर मिळून दिवाण उचलला, गठ्ठे काढले आणि दिवाण जमिनीला टेकला. इंजिनिअर म्हणाले की पाया असा कधी काढायचा नसतो. गठ्ठे विभागात पोचले, मुलांना वाटून झाले, आणि मी वेळापत्रक पाहायला गेलो. माझ्या कादंबरीसमोर माझं नाव नव्हतं. बाईंनी नियम दाखवला. स्वतःच्या पुस्तकावर स्वतः शिकवायचं नाही, प्रश्नपत्रिका काढायची नाही. शिकवणार कोण, तर हळूसर.

मी भांडलो. बाई म्हणाल्या की त्यांनी तयारीसुद्धा सुरू केली आहे, तिसऱ्यांदा वाचताहेत.

पहिले काही दिवस मी त्या वर्गाच्या बाजूला फिरकलो नाही. मग एके दिवशी पाय आपसूक तिकडे वळले. व्हरांड्यात सूचनाफलक आहे, त्यासमोर मी सूचना वाचत उभा राहिलो. कामाची एकही सूचना नव्हती. दार अर्धं उघडं होतं. सगळी मुलं पुढच्या बाकांवर दाटीवाटीने बसली होती आणि वर्गात अशी शांतता होती की पंख्याचा आवाज येत होता. माझ्या वर्गात पंख्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही.

हळूसर एक उतारा वाचत होते. कुणा विधवेचा.

‘दुपारी त्याच्या खोलीवरून जाताना ती अजून पाय न वाजवता जायची. तो झोपलेला असेल म्हणून. एक दिवस ती त्या दारात थांबली आणि मोठ्याने बोलली. कोणाशी नाही. या घरात आता किती मोठ्याने बोलता येतं, ते तिला पाहायचं होतं.’

माझ्या पोटात कळ उठली. ओळखीची कळ, गेलं वर्षभर मी तीच घेऊन हिंडत होतो. मनात म्हटलं, बघा, माझ्या पुस्तकाच्या तासाला हा माणूस स्वतःची नवी प्रकरणं वाचून दाखवतोय. आणि काय लिहिलंय. हे याला सुचतं कसं? खिडकी त्याच्या बाजूला आहे म्हणून? असं एक वाक्य मला का सुचू नये, एकच, या जन्मात? मी आत शिरून जाब विचारणार होतो. पाऊल उचललंही होतं.

आणि पुढचं वाक्य त्यांच्याआधी माझ्या ओठांवर आलं.

‘बोलून झाल्यावर तिने दार लावून घेतलं, अगदी हळू, कडी वाजणार नाही असं.’

त्यांनी तेच वाचलं. शब्दन् शब्द तोच. पुस्तक माझं होतं. विधवा माझी होती. मी पाऊल मागे घेतलं आणि फलकाला टेकून उभा राहिलो. हे मी लिहिलं होतं, आणि मला ते आठवतही नव्हतं. हळूसरांचा हेवा करणं त्यामानाने सोपं होतं, ते समोर बसतात, डबा खातात, त्यांच्या चुका काढता येतात. ज्याने हे लिहिलं त्या माणसावर काय म्हणून जळायचं? आणि मी तर जळत होतो, चांगला भडकून जळत होतो.

आत एका मुलीने विचारलं, “सर, यांचं अजून काय काय आहे वाचायला?”

हळूसरांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. पंखा ऐकू येत राहिला.

“दुसरं नाही,” ते म्हणाले. “अजून नाही.”

त्या ‘अजून’चा मला असा काही राग आला, की पुढचा तास बुडवून मी तडक घरी गेलो, जमिनीला टेकलेल्या दिवाणावर मांडी घातली आणि लिहायला बसलो.